प्लेटिंगच्या कारखान्यात सायनाइडचा इलेक्ट्रोड ठेवावा का?

ईटीपीवाला: जस्ताच्या सायनाइड प्लेटिंगच्या एका छोट्या कारखान्यात मी सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, म्हणजे ईटीपी, बघतो. नमुना बाहेरच्या लॅबला जातो, रिपोर्ट आठवड्याने येतो. तोवर ते पाणी कधीच बाहेर गेलेलं असतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात सायनाइडची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही हे मला त्याच पाळीत कळायला हवं. म्हणून माझं मत, आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडवला की सायनाइडच्या प्रमाणानुसार मिलिव्होल्ट दाखवणारी कांडी, कारखान्यातच हवा.

लॅबवाली: माझा विरोध आहे. इलेक्ट्रोडला फक्त मोकळा सायनाइड दिसतो. जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेले भाग, आणि टाक्या लोखंडाच्या असतात, त्यामुळे पाण्यात लोखंडाशी बांधलेला सायनाइड, म्हणजे फेरोसायनाइड, तयार होतो आणि तो इलेक्ट्रोडला दिसतच नाही. हेच पाणी पुढे उन्हात उघडं पडलं की त्यातून पुन्हा सायनाइड सुटतो. एकूण सायनाइड मोजायचा तर आम्ल घालून डिस्टिलेशन करावं लागतं आणि ते फ्यूम हूडमध्येच, म्हणजे विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटातच, करायचं काम आहे. शिवाय ०.२ म्हणजे इलेक्ट्रोडच्या जवळपास तळाची पातळी, आकडा स्थिरावायला कित्येक मिनिटं लागतात. घाईत घेतलेल्या आकड्यावर व्हॉल्व्ह उघडणार का?

ईटीपीवाला: उघडणार नाही. पण आकडा चढा दिसला तर बंद नक्की करीन. लॅबचा रिपोर्ट हवाच, त्याला माझी ना नाही.

रसायनाचा शिक्षक: दोघांनी मुख्य गोष्ट बाजूला ठेवली, ती म्हणजे पाण्याचा पीएच चढा ठेवणारा कॉस्टिक सोडा. पीएच ९.२ ला निम्मा सायनाइड हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतो आणि पीएच ७ ला जवळपास सगळाच. तो २६ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या खोलीत वायू व्हायला टेकलेला. इलेक्ट्रोडला हे रूप दिसत नाही. म्हणजे कॉस्टिक न घालता मोजलंत तर आकडा खोटा कमी येतो आणि विष तुमच्या नाकाशी येतं. १०० मिलिलिटर नमुन्यात १० मोलर कॉस्टिक १ मिलिलिटर, इलेक्ट्रोड जुळवायच्या, प्रमाण माहीत असलेल्या प्रमाणित द्रावणांतही तेवढंच. वासावर भरवसा ठेवू नका, कडू बदामाचा तो वास कित्येकांना येतच नाही.

ईटीपीवाला: हे माझ्या बाबतीत घडलंय. पहिल्या दिवशी बाटलीत काही न घालता मोजलं, आकडा इतका कमी आला की मी खूश झालो. दुसऱ्या बाटलीत तेच पाणी कॉस्टिक घालून ठेवलं होतं. तिचे मिलिव्होल्ट उणे दिशेला सरकतच राहिले. सायनाइड दसपट झाला की साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. कागदावर आलेख काढल्यावर हात गार पडले, कारण पहिल्या बाटलीचं झाकण मी उघडं टाकलं होतं.

लॅबवाली: म्हणूनच मला भीती वाटते. तुमच्याकडे क्रोमचा आम्लाचा बाथ दहा पावलांवर असेल, आणि आम्लात सायनाइड पडला की हाच विषारी वायू सुटतो. मोजलेलं पाणी कोण कुठे ओततो यावर जीव अवलंबून आहे. आणि प्रमाणित द्रावणासाठी पोटॅशियम सायनाइडची पूड तोलायला कोण बसणार?

ईटीपीवाला: पूड ठेवायचीच नाही. लिटरला १००० मिलिग्रॅमचं तयार द्रावण आणायचं, कुलपात ठेवायचं, एकट्याने हात लावायचा नाही. मोजलेलं पाणी थेट सायनाइड नष्ट करणाऱ्या हायपोक्लोराइटच्या क्षारीय टाकीत, आम्लाच्या कॅनकडे अजिबात नाही.

रसायनाचा शिक्षक: त्याच हायपोक्लोराइटचा उरलेला क्लोरिन बाटलीतला सायनाइड खातो. स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी पडली तर आधी क्लोरिन घालवा, मग कॉस्टिक. लेड ॲसिटेटची पट्टी काळी पडली तर सल्फाइड आहे. तो इलेक्ट्रोडचा पडदाच, म्हणजे सायनाइड ओळखणारं टोक, खराब करतो. पडद्यावर डाग दिसला की पॉलिश पट्टीने हलकेच घासा.

लॅबवाली: एवढं सगळं रोज, तिन्ही पाळ्यांत होईल असं मला अजून वाटत नाही. होत असेल तर महिनाभर दोन बाटल्या भरा, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. आकडे जुळले तर मी विरोध मागे घेईन.

ईटीपीवाला: सोमवारपासून पाठवतो. दोन्हींत कॉस्टिक मी स्वतः घालीन.