'माहिती जुळत नाही' म्हणून क्लेम परत येतात. तपासणी नेमकी कुठे लावायची?

बिलिंग_टेबल:
रुग्णालयाकडून विमा कंपनीला जाणारे बरेच क्लेम 'माहिती जुळत नाही' एवढ्याच शेऱ्यावर नाकारले जातात. पाठवण्याआधी एक जण पूर्ण फाईल नजरेखालून घालतो, तरी चुका सुटतात. नवीन सॉफ्टवेअर घ्यावं, की आहे त्यातच काही करता येईल?

नोंदवही:
सॉफ्टवेअरचं नंतर बघा. आधी नाकारलेल्या क्लेमची पत्रं काढून दोन गठ्ठे करा. प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ), पॉलिसीत न बसणारा उपचार, संपलेली विमा रक्कम हा एक गठ्ठा. नोंदी कितीही सुधारल्या तरी हे क्लेम मंजूर होणार नाहीत. दुसरा गठ्ठा नाव, क्रमांक, तारखा, कोड आणि राहिलेल्या कागदांचा. काम फक्त त्यावर करायचं.

त्यातल्या प्रत्येक पत्रासमोर लिहा: कोणता रकाना चुकला, तो कोणत्या टेबलावर भरला आणि भरणाऱ्यासमोर तेव्हा कोणता कागद होता. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि खरी मेख तिथेच असते. पॉलिसी क्रमांक दाखल करताना तोंडी विचारून लिहिला असेल, तर शेवटी तपासणाऱ्याकडे पडताळायला कार्डच नसतं. तो काय पकडणार?

रकाना_१६:
क्लेमची यादी एक्सेलमधून जाते का? जात असेल तर पहिला संशय तिथे घ्या. क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य गळतं. १५ पेक्षा जास्त अंक असतील तर सोळाव्यापासून पुढे नुसती शून्यं होतात, आणि फाईल सेव्ह झाल्यावर रकाना 'टेक्स्ट' केला तरी मूळ अंक परत येत नाहीत. सीएसव्ही फाईल (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) डबल क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करतानाच तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.

तारखांचंही तसंच. ०३/०४ म्हणजे एका यंत्रणेत ३ एप्रिल, दुसरीत ४ मार्च. तेरावा महिना नसल्यामुळे १३ तारखेपासून पुढची गडबड लगेच उघडी पडते. पहिल्या १२ तारखांतली मात्र बिनबोभाट पुढे जाते. फाईलमध्ये २०२५-०४-०३ असाच क्रम ठेवा.

आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या) कोडमध्ये पहिलं चिन्ह अक्षरच हवं, दुसरं अंकच. प्रसूतीच्या 'O80' मध्ये इंग्रजी O अक्षराऐवजी शून्य टाइप झालेलं या एका नियमाने अडतं.

फाईल_तपासनीस:
याच्या पुढची पायरी म्हणजे रकाने एकमेकांशी जुळवणं. शस्त्रक्रियेची तारीख दाखल आणि डिस्चार्जच्या मध्ये हवी, ओळींची बेरीज एकूण बिलाइतकी हवी. ही कामं यंत्रावर सोपवा.

माणसाने बघायचं ते पूर्वमंजुरीत, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीने दिलेल्या मंजुरीत. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची मंजुरी होती आणि ऐनवेळी पोट उघडावं लागलं, तर बिलातला कोड बदलतो पण मंजुरी जुन्याच शस्त्रक्रियेची राहते. त्याच दिवशी कंपनीला कळवून सुधारित मंजुरी घ्या. ऑपरेशन नोटमध्ये कारण असलंच पाहिजे.

दुसरी नाजूक जागा आजाराच्या कालावधीची. ओपीडीच्या कागदावर 'मधुमेह ५ वर्षे' आणि डिस्चार्ज कार्डावर 'नुकताच आढळला' असेल, तर पूर्वीचा आजार लपवल्याचा संशय येणारच. बिलिंगने यात स्वतः अक्षरही बदलू नये. डॉक्टरांना विचारा, त्यांनी तारीख-सहीनिशी दुरुस्ती लिहावी, जुनी नोंद वाचता येईल अशी राहू द्यावी. क्लेम पास व्हावा म्हणून वर्षं कमी करणं ही फसवणूक आहे.

बिलिंग_टेबल:
हे नियम लावले तर प्रत्येक फाईलवर इशारेच इशारे येतील ना?

रकाना_१६:
म्हणून क्लेम अडवणारे नियम मोजकेच ठेवा: सदस्य क्रमांक, जन्मतारीख, पूर्वमंजुरी क्रमांक, कोड, बेरीज. बाकी इशारे. जो इशारा लोक दर वेळी न वाचताच बंद करतात तो काढून टाका, नाहीतर त्याच्यासोबत कामाचेही दुर्लक्षित होतात.

नोंदवही:
आणि चुका टेबलवार मोजा, माणसाच्या नावावर नको. नावं लागली की लोक चूक सांगायचंच टाळतात. एक अजून: दुरुस्त केलेला क्लेम मूळ क्लेम क्रमांक देऊन 'दुरुस्ती' म्हणूनच पाठवा. नवा म्हणून टाकलात तर दुबार म्हणून पुन्हा नाकारला जाईल.