मदत हवी आहे : कासवाला शेतातल्या गोगलगाई द्यायच्या का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव लाखनीजवळ, जिल्हा भंडारा. लहान भावाने नागपूरच्या मासेवाल्या दुकानातून आणलेलं लाल कानाचं कासव (रेड इअर्ड स्लायडर) आता माझ्या गळ्यात पडलंय. पाठ तळहाताएवढी झाली. फक्त दुकानातले कासवाचे तयार दाणे खातं, पालेभाजी टाकली तर नाक मुरडतं. पाठ जरा मऊ वाटते, म्हणून कुणीतरी सांगितलं की शंखासकट गोगलगाय दे, कॅल्शियम मिळेल.

गोगलगाईंना तोटा नाही. धानाच्या बांधीत आहेत, बोडीत (छोट्या तळ्यात) आहेत, आणि परसात त्या मोठ्या आफ्रिकन तर रोज सकाळी भिंतीवर. पण बांधीत तुडतुड्यांची फवारणी होते, आणि शेजारच्या काकांनी वांग्यात गोगलगाईंच्या औषधाच्या गोळ्या टाकल्यात. दोन-तीन दिवस उपाशी ठेवून, धुऊन दिल्या तर चालेल का? फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, पण इथे लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

चुलबंदकाठ :
भाऊ, आधी एक विचारतो, राग मानू नका. बोडीतलं मऊ पाठीचं कासव नाही न हे? ते असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो, घरी ठेवताच येत नाही.

धागाकर्ता :
नाही हो, दुकानातलंच आहे. डोळ्यामागे लाल पट्टा आहे.

चुलबंदकाठ :
मग ठीक. अन् कंटाळा आला तरी बोडीत सोडू नका, आपल्या कासवांच्या जिवावर उठते ते.

गुरांचा डॉक्टर :
परसातल्या आणि बांधीतल्या गोगलगाई बाद करा, चर्चाच नको. गोळ्यांमध्ये बहुधा मेटाल्डिहाइड असतं. ते खाल्लेली गोगलगाय लगेच मरतेच असं नाही, सरपटत तुमच्या भिंतीवर येते. उपाशी ठेवल्याने आतडं रिकामं होतं, पण अंगात भिनलेलं विष जातंच असं नाही. उकळूनही त्याचा भरवसा नाही. म्हणून गोगलगाय कुठली, हा प्रश्न पहिला.

दुसरा प्रश्न जंतांचा. गुरांच्या लिव्हर फ्ल्यूकची (यकृतातल्या चपट्या कृमीची) भीती इथे घेऊ नका. त्याच्या अळ्या गोगलगाईत वाढतात खऱ्या, पण बाहेर पडून गवताला चिकटतात आणि जनावराला चाऱ्यातून लागतात. मात्र इतर काही चपटे कृमी गोगलगाय खाल्ल्यानेच पोटात जातात. शिवाय उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या गोगलगाईत असतात, आणि तो धोका तुम्हाला जास्त : माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. फ्रीजर सलग उणे १५ अंशांवर २४ तास राहिला तर अळ्या मरतात, तुमच्याकडे ते जमणार नाही. पाणी खळखळ उकळल्यावर गोगलगाई त्यात पाच मिनिटं ठेवा, मग द्या. बोडीत शेताचं पाणी उतरत असेल तर तिथल्याही नकोत.

परसबाग_साकोली :
मी पकडतच नाही, घरीच वाढवते. पाणवनस्पतीच्या पानाखाली जेलीसारखी अंड्यांची चकती असते न, ती फवारणी नसलेल्या ठिकाणची आणायची, विहिरीच्या पाण्यात दोनदा खळबळून वेगळ्या टपात ठेवायची. मोठी गोगलगाय आणायची नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं सहसा कृमी घेऊन येत नाहीत, ते नंतर विष्ठेतून लागतात. म्हणून टपावर बारीक जाळी, उंदीर-बदक लांब. खायला दुधीची साल. कासवाच्या डोक्यापेक्षा लहान असतानाच आठवड्यातून एकदा दोन-चार टाकते. आफ्रिकन मात्र पाळायला जाऊ नका बाप्पा, एक वेळेला शंभरावर अंडी घालते, गाव शिव्या देईल.

गुरांचा डॉक्टर :
ही पद्धत चांगली आहे. पण पाठ मऊ असेल तर गोगलगाय हे औषध नाही. कासव उन्हात बसतं का? खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, त्यातले अतिनील किरण काच अडवते. ड जीवनसत्त्व नसेल तर कितीही कॅल्शियम द्या, हाडाला लागत नाही. पाण्याबाहेर चढायला वीट ठेवा, सकाळचं थेट ऊन द्या, बाजूला सावलीही हवी. किराण्याच्या जडीबुटीवाल्याकडे समुद्रफेन (माकुळाचं पांढरं हाड, त्यात कॅल्शियम असतं) मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात टाका, कुरतडेल. आणि एकदा दाखवून घ्या.

धागाकर्ता :
टाकी खिडकीतच आहे, काच बंद! आजच ओसरीत हलवतो. समुद्रफेन बुधवारी बाजारात बघतो. @परसबाग_साकोली, थंडीत तुमच्या टपातल्या गोगलगाई टिकतात का, की घरात घ्याव्या लागतात?

परसबाग_साकोली :
टिकतात, फक्त वाढ मंदावते. कासवही थंडीत कमी खातं, तेव्हा हिशोब जमतो.