संशोधनासाठी प्लाझ्मा कशाला हवा?

ताई, "करोनात प्लाझ्माचा उपयोग झाला नाही, मग फ्लूतून बरे झालेल्यांकडून तो कशाला घ्यायचा?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्लाझ्मा म्हणजे रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० मधल्या चाचणीत ४६४ रुग्ण होते. प्लाझ्मा देऊनही आजार बळावणं किंवा मृत्यू थांबले नाहीत, आणि मे २०२१ मध्ये तो उपचारांतून वगळला गेला. पण संशोधनासाठी घेतलेला प्लाझ्मा रुग्णाला चढवायचा नसतो. त्याची मोजपट्टी करायची असते.

फ्लूचा विषाणू तांबड्या पेशींना चिकटून त्यांचं जाळं बनवतो. प्लाझ्मात पुरेशी प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं, अँटिबॉडीज) असली की जाळं बनत नाही, पेशी तळाशी ठिपक्यासारख्या बसतात. प्लाझ्मा दुप्पट-दुप्पट पातळ करत कुठवर ठिपका दिसतो ते बघतात. नवी लस घेतलेल्यांचं रक्त असंच तपासलं की ती कितपत काम करते हे कळतं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळायला सगळ्यांकडे एकच नमुना लागतो, आणि तो दात्यांकडूनच मिळतो.

मी २०२० मध्ये इथे नाशकात प्लाझ्मा दिला होता. यंत्र रक्त फिरवून पिवळसर प्लाझ्मा बाजूला काढतं, पेशी परत शरीरात सोडतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या, कारण गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. नर्सताईंनी वेग कमी केला, थांबलं. गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं. पंचवटीतल्या माझ्या मावशीला २००९ मध्ये स्वाइन फ्लू झाला होता, तेव्हा असं कुणी मागितलं असतं तर ती नक्की गेली असती.