मदत हवी आहे: डीएसआरव्ही पाणबुडीला चिकटते कशी?

नमस्कार मंडळी. भाचीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी आयएनएस निस्तारचं मॉडेल करतोय. जुलै २०२५मध्ये विशाखापट्टणमला नौदलात आलेलं, पाणबुड्यांच्या सुटकेला मदत करणारं जहाज. ते जमलं, घोडं अडलंय डीएसआरव्हीवर, म्हणजे ६५० मीटरपर्यंत जाणाऱ्या सुटकेच्या छोट्या पाणबुडीवर. तिच्या पोटाखालचा घेर अडकलेल्या पाणबुडीच्या हॅचवर (बाहेर पडायच्या झाकणावर) टेकतो, आतलं पाणी उपसलं की समुद्राचा दाबच तिला घट्ट धरतो, इथवर कळलं. पण पाणबुडी तळाशी कलंडलेली असेल तर? घेर फिरतो की अख्खी डीएसआरव्ही तिरकी होते? आणि अडकलेल्या पाणबुडीच्या आत हवेचा दाब वाढला असेल, तर माणसांना मधे दाब न सोडता जहाजावरच्या डिकॉम्प्रेशन चेंबरमध्ये (दाब हळूहळू उतरवायच्या बंद खोलीत) कसं नेतात? पाणबुडी शाखेतलं कुणी निवृत्त असेल तर प्लीज सांगा. गुपितं नकोत हो, पोरांना समजेल एवढंच!