मदत हवी आहे: माझ्या आयडीवरून दुसऱ्याने एन्ट्री पास केल्या, सोमवारपर्यंत खुलासा द्यायचाय

पाऊसवेडी:
कृपया लवकर सांगा. ज्या ताईंनी मला काम शिकवलं त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, आता सगळं अंगाशी आलंय. खुलाशात काय लिहू? त्यांचं नाव घेऊ का?

गोदाकाठ:
कसलं ऑफिस? रक्कम किती? नोटीस लेखी की तोंडी?

पाऊसवेडी:
पतसंस्था. नोटीस लेखी. तीन ठेवींवर परस्पर ठेवतारण कर्ज काढलंय, ८५,००० रुपये. एन्ट्री ताई करतात, पासिंग म्हणजे ती तपासून मंजूर करणं माझ्याकडे. गेल्या वर्षी बाळ आजारी होतं, काम अडायला नको म्हणून पासवर्ड दिला. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कॅलेंडरचा कपटा आहे, त्यावर माझ्याच अक्षरात. नंतर बदलायचा धीर झाला नाही. "माझ्यावर संशय घेतेस?" म्हणाल्या असत्या.

माजी_शाखाधिकारी:
एन्ट्री एकाची, पासिंग दुसऱ्याचं, हे एवढ्यासाठीच असतं. १९९५ मध्ये लंडनची बेअरिंग्ज बँक बुडाली. सिंगापुरात सौदे करणारा आणि त्यांचा हिशेब बघणारा माणूस एकच होता, आणि लंडनचा त्याच्यावर भरवसा. पासवर्ड दिल्याचं सरळ लिहा. कर्ज काढलं त्या तारखांना तुम्ही कुठे होतात?

पाऊसवेडी:
दोन कर्जांच्या वेळी रजेवर होते.

माजी_शाखाधिकारी:
अहो, हे आधी सांगायचं! हजेरीपटाची प्रत, कोणत्या टर्मिनलवरून लॉगिन झालं त्याची नोंद आणि सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, असा अर्ज द्या. पोच घ्या. जुन्या फुटेजवर नवं चढत जातं.

रानजाई:
लेखी कबुली? अजिबात नको. आधी वकील गाठा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (विश्वासघात) खाली कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्या दिराने प्रामाणिकपणे लिहून दिलं, तोच कागद त्याच्यावर उलटला.

माजी_शाखाधिकारी:
लॉगमध्ये आयडी दिसतोच आहे. नाकारून काय मिळणार?

रानजाई:
नाकारा कुठे म्हटलं मी? वकिलाला दाखवून मग द्या, एवढंच.

सातबारा:
ठेवीदारांनो, ५ लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. सासूबाईंची ठेव मी मुदतीआधीच मोडायला लावली.

गोदाकाठ:
तो विषय नाही हो इथे. पाऊसवेडी, पासवर्ड बदललात का?

पाऊसवेडी:
नव्हता बदलला. आत्ता साहेबांना फोन करून आयडी बंद करायला सांगितला. अर्ज लिहून झालाय, उद्या सकाळी वकिलांना दाखवून देते. मघाशी ताईंचा फोन येऊन गेला, उचलला नाही. कालच माझ्यासाठी डब्यात थालीपीठ आणलं होतं त्यांनी.