शुगर आहे म्हणून आंबा बंद? मला पटत नाही

पेठकरी
लक्ष्मीपुरीत हापूसच्या पेट्या दिसायला लागल्या की आमच्या गल्लीत ठरलेलं वाक्य: 'दादांना शुगर आहे, त्यांना फोड नको.' तेच दादा सकाळी मिसळीबरोबर चार स्लाइस पाव संपवून येतात, त्यावर कुणी ब्र काढत नाही! १०० ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, एका लहान चपातीत जवळपास तेवढीच. आंब्याची वाटी घेतली तर चपाती एक कमी करा. बंदी कशाला?

रंकाळ्याची सून
हिशोब बरोबर आहे हो, पण खाणारा माणूस हिशोबाचा नसतो. आमच्या मामंजींना अर्धा आंबा दिला की बाठ चोखायला पाहिजे, मग उरलेला अर्धा काळा पडंल म्हणून तोही. चपाती मात्र एकही कमी होत नाही. मी घरात आणतच नाही.

पेठकरी
मग ते बाहेर जाऊन मँगो मिल्कशेक पितात. त्यात वरून साखर. घरातली फोड परवडली की नाही?

निवृत्त गुरुजी
आंब्याचाच हट्ट का? जांभळं खा. बियांची पूड घेतली की गोळ्यांचीसुद्धा गरज राहत नाही.

लॅबवाला
गुरुजी, जांभळं खुशाल खा, पण पुडीच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. पेरू त्याहून बरा, १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो, साखर सावकाश चढते. रस काढला की तो चोथा गेला, म्हणून फळ चावून खायचं. आणि गोडीवरून अंदाज बांधू नका: कलिंगड गोड लागतं, पण १०० ग्रॅमला कर्बोदकं जेमतेम ८ ग्रॅम. चिक्कू २० च्या घरात. अर्थात अर्धं कलिंगड एकट्यानं फस्त केलं तर हा फरक कामाचा नाही. खाऊन दोन तासांनी मीटरवर बघा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. साखर आधीच २५०-३०० असेल तर मात्र सध्या थांबा, डॉक्टरांना गाठा. किडनीचा त्रास असलेल्यांनी पोटॅशियममुळे फळं विचारूनच खावीत.

रंकाळ्याची सून
मीटर आहे घरी, कपाटात. पण रविवारी नणंद येणार, आमरस-पुरीचा बेत तिनंच ठरवलाय. आता पुरीचा हिशोब सांगा.

लॅबवाला
रसात साखर नको, रस लहान वाटीत, पुऱ्या दोन. भात त्या दिवशी नाही.

रंकाळ्याची सून
दोन पुऱ्या? हे तुम्हीच येऊन सांगा त्यांना. माझी हिंमत नाही.