तिसऱ्यांची भजी: एकदा चिवट, एकदा तेलात सुटली. कुठे चुकतंय?

खाडीपलीकडे

नमस्कार. जरा लांबण लावतोय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी चूक कोणाला सापडणार नाही.

माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. गाव मसुऱ्याजवळ, कालावलच्या खाडीकाठी. दोन वर्षं झाली, माझ्याकडे पुण्यात असतात. ताटात पडेल ते जेवतात, कधी काही मागत नाहीत. मार्गशीर्ष संपला त्या आठवड्यात मी विचारलं, बाबा, बाजारातून काय आणू? तर म्हणाले, "शिवल्यांची भजी कर. आक्का करायची तशी." शिवल्या म्हणजेच तिसऱ्या, खाडीतल्या छोट्या शिंपल्या. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिची भजी घरात कोणी लिहून ठेवली नाही, कारण ती सगळ्यांना येतात असंच प्रत्येकाला वाटत होतं.

मला आठवतं ते एवढंच. ती ओहोटीला खाडीत जायची आणि पाटी भरून शिवल्या आणायची. पडवीत विळीवर बसून एकेक उघडायची आणि विळीखाली पितळी परात असायची. भजी गोल नसायची. वेडीवाकडी, कडांना काळपट कुरकुरीत, आत अख्खी शिवली दाताखाली यायची आणि ती मऊ असायची. हे 'मऊ' मला नक्की आठवतं.

आतापर्यंत तीन वेळा केली. पहिल्यांदा भांडंभर पाण्यात दहा मिनिटं उकडल्या, पाणी ओतून दिलं, कांदा-बेसनात घालून तळल्या. रबरासारख्या झाल्या. दुसऱ्यांदा कमी उकडल्या, मांसाला मीठ-मसाला लावून कांद्यासकट अर्धा तास ठेवलं. त्याला एवढं पाणी सुटलं की बेसन वाढवत वाढवत गेलो आणि शेवटी ती नुसती कांदाभजी लागली. तिसऱ्यांदा बेसन टाळून फक्त तांदळाचं पीठ घेतलं. निम्मी भजी कढईत सुटली आणि उरलेल्यांत कचकच आली. बाबांना खालची कवळी आहे. त्यांनी दोन भजी ताटाच्या कडेला सरकवली आणि आमटीभात जेवले. काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं.

इथे मिळणाऱ्या तिसऱ्या बर्फातल्या असतात. त्यांची अशी भजी होऊ शकतात का? आणि आत्या नक्की काय वेगळं करत असेल?

ओहोटी

दादा, तुमच्या आत्येचं गुपित तुम्हीच लिहिलंय. विळीखालची परात.

ती परात शिवलीतलं पाणी धरायला. मी देवबागची, कर्लीच्या खाडीवर वाढले. आमच्याकडे ते पाणी सांडलं तर आजी ओरडायची, "गो, सगळी चव त्या पाण्यात आसा!" शिवली उघडली की आतून खारं पाणी गळतं. भज्याचं पीठ त्याच पाण्यात भिजवायचं. नळाचं पाणी एक थेंबही नाही, आणि वेगळं मीठ घालायचं नाही. तुम्ही पहिल्या खेपेला चव मोरीत ओतली आणि रबर तळलं.

चिवटपणाचं कारण दोनदा शिजणं. शिवलीचं मांस शिजायला मिनिटभर पुरतं. दहा मिनिटं उकडलं की ते आखडतं, आणि मग तेलात आणखी आखडतं. आत्या कच्ची उघडायची, म्हणजे शिजायचं ते एकदाच, कढईत, पिठाच्या आत.

तुम्ही विळीवर बसू नका. सवय नसलेल्याचा हात कापतो. धुतलेल्या तिसऱ्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी परातीत काढून ठेवल्या की बर्फ सुटताना आपणच तोंड उघडतात. मग सुरीचं टोक फिरवून मांस सोडवायचं, सगळं परातीवरच. बर्फातल्या तिसऱ्यांनाही हे चालतं, पण एक बघा. शिंपली मिटलेली हवी. उघडी असेल तर टिचकी मारा. मिटली तर जिवंत. मिटली नाही तर टाका, किती का महाग असेना. वास घेत बसू नका. आणि मुठीत जास्तच जड लागते ती बहुधा चिखलाची. ती वेगळ्या वाटीत उघडा. एका चिखलाच्या शिंपलीने सगळी परात वाया जाते, हे मी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी शिकले.

वाळूचं सांगते. जिवंत मिळाल्या तर मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास, लिटरभर पाण्याला दीड-दोन मोठे चमचे जाडं मीठ. साध्या पाण्यात ठेवल्या तर तोंडच उघडत नाहीत, मरतात. चाळणीत ठेवून चाळण पाण्यात बुडवा, म्हणजे टाकलेली वाळू खाली जाते, पुन्हा आत ओढली जात नाही. बर्फातल्या बहुतेक मरायच्या मार्गावर असतात. त्या वाळू टाकणार नाहीत. तिथे उपाय वेगळा. परातीतलं पाणी पेल्यात ओता, अर्धा तास हलवू नका, वरचं निवळ हलक्या हाताने काढून घ्या, तळाचे दोन चमचे गाळ सोडून द्या. मांस त्याच निवळ पाण्यातल्या थोड्याशा पाण्यात खळबळून घ्या.

किलोभर तिसऱ्यांचं जेमतेम वाटीभर मांस निघतं, त्यामुळे पिठाचा हात आखडता ठेवा. वाटीभर मांसाला मी घेते ते असं: एक मध्यम कांदा अगदी बारीक, तीन हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा ठेचून, मूठभर कोथिंबीर, चमचाभर मालवणी मसाला, हळद, चमचाभर आगळ (कोकमाचा आंबट रस). बेसन चार मोठे चमचे, तांदळाचं पीठ दोन. बेसन धरून ठेवतं, तांदूळ कुरकुरीत करतो. नुसत्या तांदळाने सुटणारच, त्याला चिकटपणा नाही. ओलं खोबरं हवं तर दोन चमचे, त्याहून जास्त नको, ते कढईत आधी करपतं.

आणि कांदा-मसाला-मांस कालवून ठेवायचं नाही. तुमची दुसरी खेप तिथेच गेली. मिठाने कांदाही पाणी सोडतो आणि मांसही. तेल तापत ठेवायचं, मग कालवायचं, लगेच सोडायचं. पिठात पाणी चमच्याचमच्याने. पीठ बोटावरून ओघळलं नाही पाहिजे, गोळ्याने पडलं पाहिजे. आत्येची भजी वेडीवाकडी होती ती म्हणूनच.

बाबांच्या कवळीसाठी निम्मं मांस सुरीने बारीक करा, निम्मं अख्खं ठेवा.

चुलीपाशी

ओहोटीताईंचं बाकी सगळं मान्य, पण कच्च्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आमचं घर भाट्ये खाडीजवळ, रत्नागिरीला. आम्ही पातेल्यात पाणी न घालता तिसऱ्या ठेवतो, वर झाकण, मोठी आच. स्वतःच्याच पाण्यावर मिनिट-दीड मिनिटात तोंडं उघडतात. उघडेल ती लगेच चिमट्याने बाहेर. शेवटपर्यंत मिटून राहते ती टाकायची. पाणी पातेल्यात आयतं मिळतं. पुण्यात बर्फातला माल असेल तर मी तरी कच्चं उघडून भजी करणार नाही. जाड भज्याच्या पोटातली शिवली कधी कधी कोमट राहते, आणि घरात ८१ वर्षांचं माणूस आहे.

कालवांची (खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांची) भजीही अशीच करता येतात. ती सोललेली विकत मिळतात. मात्र कालवं हातात घेऊन एकेक चाचपायची. शिंपीची बारीक कपरी चिकटून असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच लागते. कालवं फडक्यावर टिपून कोरडी करा. पाण्यासकट तेलात गेली की फुटतात आणि तेल अंगावर येतं. माझ्या मनगटावर तो डाग अजून आहे.

ओहोटी

बर्फातल्यांसाठी तुमचं बरोबर आहे. मी आमच्या खाडीवरच्या ताज्या शिवल्यांचा विचार केला. दादा, वाफवा. फक्त चिमटा हातात घेऊनच उभे राहा, आणि भजी लहान सोडा.

वसईकरीण

कवळीवाल्या माणसाला ओल्या जवळ्याच्या (अगदी बारीक कोळंबीच्या) वड्या जास्त बऱ्या. चावायलाच लागत नाही. निवडून, धुऊन, चाळणीत पूर्ण निथळू द्यायचा, मग कांदा, मिरची, कोथिंबीर, आंबोशी (कैरीच्या सुकवलेल्या फोडी) किंवा कोकम आणि थोडं पीठ. थापून तव्यावर कमी तेलात. पण तुमच्या बाबांनी शिवल्या मागितल्यात, म्हणून आधी त्याच करा.

प्रॉव्हिडन्सहून

मी अमेरिकेत ऱ्होड आयलंडला राहतो, मूळचा वेंगुर्ल्याचा. हा धागा वाचून राहवलं नाही. इथे 'क्लॅम केक' नावाचा पदार्थ किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत मिळतो. नाव केक, पण खरी भजीच. क्वाहॉग नावाची जाड कवचाची शिंपली असते, १९८७ पासून ती या राज्याची अधिकृत शिंपली आहे. मोठी क्वाहॉग भलती चिवट, म्हणून तिचं मांस बारीक कापून मैद्याच्या पिठात घालतात, आणि पीठ भिजवायला शिंपलीचंच पाणी वापरतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला आईची परात आठवली.

तिथून एक गोष्ट मी उचलली. तेल १८० अंशांच्या आसपास ठेवायचं, आणि एका वेळी कढईत पाच-सहाच भजी. गर्दी केली की तेल थंड होतं आणि भजी तेल पितात. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो बुडून लगेच वर आला पाहिजे. तळाशी रेंगाळला तर थांबा, काळा पडला तर आच उतरवा. दोन्ही पीठं चाळून घ्या आणि सोडा अजिबात घालू नका. सोड्याने भजी फुगतात, पण तेलही ओढतात, आणि वेडीवाकडी कुरकुरीत कड मिळत नाही.

खाडीपलीकडे

काल केली. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो, कारण बाबा म्हणाले उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांब जाते, शिवल्या जास्त निघतात. खरंच माल ताजा होता. दीड किलो घेतल्या. टिचकी मारून अकरा बाजूला काढल्या, त्यांपैकी दोन नुसत्या चिखलाच्या निघाल्या.

वाफवल्या, चिमटा धरून उभा होतो. पाणी पेल्यात निवळत ठेवलं आणि तळाला खरंच करड्या वाळूची रेघ बसली. पहिल्या तीन खेपांना तेच आम्ही खाल्लं होतं. पीठ त्या निवळ पाण्याने भिजवलं. मीठ न घालता चाखून बघितलं, पुरेसं होतं. पहिला घाणा जरा लवकर काढला, आत पीठ कच्चं राहिलं. दुसऱ्यापासून जमलं.

बाबा स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. गेल्या दोन वर्षांत ते तिथे बसल्याचं मला आठवत नाही. पहिलं भजं हातात घेऊन त्यांनी कड तोडली, ती खाल्ली, मग आतली शिवली खाल्ली. सहा भजी खाल्ली. म्हणाले, "आक्का मिरची जास्त घालायची." मग आक्का ओहोटीची वेळ कशी काढायची ते सांगत बसले. तिथीवरून. कितव्या तिथीला पाणी किती वाजता उतरतं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. मी वहीत लिहून घेतलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं विचारतो. पेलाभर पाणी उरलंय, फ्रीजमध्ये आहे. त्याचं काय करू?

ओहोटी

आजच वापरा, उद्यावर ठेवू नका. उकड्या तांदळाची पेज करा, तांदूळ शिजत आला की ते पाणी घाला, मीठ नंतर बघा. वरून ओल्या खोबऱ्याचा चमचा. बाबांना रात्रीला ती द्या. आणि मिरची पुढच्या वेळी चार घ्या.